सव्वा सातची शांतता

आमच्या सोसायटीत त्यांना सगळे कॅप्टन म्हणायचे, आणि ते प्रत्येक वेळी न चुकता सांगायचे, "कॅप्टन नव्हतो, रेडिओवाला होतो." वॉचमनला सांगायचे, दूधवाल्याला सांगायचे, लिफ्टमध्ये दोन मजल्यांपुरत्या भेटलेल्या कुरिअरवाल्यालाही सांगायचे. कुणी ऐकलं नाही. मी त्यांना चाचा म्हणायची. माणूस चांगला होता, यात वाद नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे येणार आहे त्यात माझा जळफळाटच जास्त आहे.

चाचा मूळचे श्रीवर्धनकडचे. सगळी नोकरी मालवाहू जहाजांवर, रेडिओच्या खोलीत, कानाला यंत्र लावून गेली. त्या खोलीतला एक नियम त्यांनी जुईनगरला आमच्या सोसायटीत आणला होता. पूर्वी म्हणे दर तासाला दोनदा, सव्वाला आणि पाऊणला, म्हणजे पंधराव्या आणि पंचेचाळिसाव्या मिनिटाला, तीन-तीन मिनिटं जगातल्या सगळ्या जहाजांनी रेडिओवर बोलणं थांबवायचं आणि फक्त ऐकायचं. कुठे कुणी बुडत असेल तर त्याचा बारीक आवाज बाकीच्यांच्या गोंगाटात हरवू नये म्हणून. पुढे उपग्रह आले, रेडिओवाले घरी बसले, नियमही गेला. चाचांनी तो सोडला नाही. बोलता बोलता सव्वा वाजला की ते वाक्य आहे तिथे तोडायचे, हात मांडीवर ठेवायचे आणि तीन मिनिटं गप्प बसायचे. डोळे उघडे, मान जराशी डावीकडे कललेली. मग तोडलेल्या वाक्याचं टोक बरोबर पकडून पुढे बोलायला लागायचे.

नवीन माणसाला वाटायचं, झटका आला. सोसायटीच्या वार्षिक सभेत एकदा पाण्याच्या टाकीच्या दुरुस्तीवर चाचा सेक्रेटरींना प्रश्न विचारत होते. "माझं एवढंच म्हणणं आहे की हा ठेकेदार" एवढं बोलले आणि पाऊण वाजला. चाचा गप्प. सेक्रेटरी त्यांच्याकडे बघतायत, सभा सेक्रेटरींकडे बघतेय. सेक्रेटरींनी घसा साफ केला. पाणी प्यायले. शेवटी म्हणाले, "बरं, साडू आहे तो माझा. पण काम चांगलं करतो ना?" साडूचं कुणी काही विचारलंच नव्हतं. तीन मिनिटांनी चाचांनी वाक्य पूर्ण केलं, "हा ठेकेदार दुपारी दोनला पंप चालू करतो, तेव्हा आमची झोप मोडते." त्यांना साडूबद्दल काही म्हणायचंच नव्हतं. ठेका मात्र त्या सभेतच रद्द झाला.

समोरचा माणूस खरोखर गप्प बसला, मधे तोंड घालणार नाही अशी खात्री झाली, की माणूस काय काय बोलून जातो हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तेव्हा मीही सगळ्यांबरोबर हसले होते.

त्यांच्या हातातलं घड्याळ ग्रीनिचच्या वेळेवर असायचं. रेडिओच्या खोलीत तीच वेळ चालायची, म्हणून घरीही तीच. "उद्या साडेअकराला चहाला या," असं त्यांनी बाबांना पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी आणि बाबा रविवारी सकाळी साडेअकराला दारात उभे. चाचा बनियनवर, हातात कोलंबी सोलायची सुरी. त्यांना म्हणायचं होतं संध्याकाळचे पाच. जराही ओशाळले नाहीत. चाचींनी चहा केला, तो प्यायलो, आणि पाचला पुन्हा बोलावून पुन्हा पाजला. दुसऱ्या वेळी मी गेले नाही. बाबा गेले. सुरुवात तिथून झाली असं मी म्हणते.

बाबांबद्दल सांगायला हवं. बाबा पावण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कंपनीत ड्राफ्ट्समन होते. कारखान्यांच्या पाइपलाइनींची ड्रॉइंग काढायचे, आधी बोर्डवर आणि नंतर कॉम्प्युटरवर. कंपनी बंद झाली तेव्हा मालकांनी त्यांचं वर्कस्टेशन त्यांना देऊन टाकलं. वर्कस्टेशन म्हणजे साधा कॉम्प्युटर नव्हे, गोदरेजच्या कपाटाचं पिल्लू वाटावं असा काळा, जड लोखंडी ठोकळा. त्यांच्या काळात त्याच्यावर हात फिरवायला ऑफिसातले लोक लांबून यायचे. ते आमच्या हॉलमध्ये, टीव्हीच्या शेजारी, चादर पांघरून बसलं. पुढच्याच वर्षी आई गेली. त्यानंतर बाबांच्या तोंडात तीन शब्द उरले. हो, नाही, ठीक.

मी महापेला एका कंपनीत कॉम्प्युटर सपोर्टची टीम सांभाळते. लोक फोन करतात, "अहो, माझं ते," एवढं म्हणतात, आणि त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी दुरुस्ती सुरू केलेली असते. मी यात हुशार आहे. घरीही तसंच. बाबा म्हणायचे, "अगं, हा रिमोट," की मी सेल बदललेले. "अगं, त्या बँकेचं," की मी ॲप उघडून काम संपवलेलं. घरात कशाला म्हणून अडत नव्हतं. तरी माझ्या वाट्याला तीनच शब्द यायचे, आणि मी रोज ऑफिसमधून येताना चौथ्याची वाट बघायची. लाज कशाला बाळगू, मला माझ्या बापाचं बोलणं हवं होतं.

वर्कस्टेशन चालू करायचं हे बाबांच्या मनात कधी आलं, मला माहीत नाही. त्यातली जुनी सिस्टीम कधीच मेली होती. मी म्हटलं, "बाबा, याला भंगारात पण कोणी घेणार नाही. नवा लॅपटॉप आणते." बाबा म्हणाले, "ठीक." आणि चाचांकडे गेले.

चाचांचा उद्योगच होता तो. पावण्याच्या, रबाळ्याच्या ऑफिसांनी टाकून दिलेले कॉम्प्युटर आणायचे आणि त्यांच्यावर जुन्या सिस्टीमच्या जागी लिनक्स चढवायचं. फुकट मिळतं, जगभरच्या लोकांनी मिळून बनवलंय, आतलं सगळं उघडं असतं, हे ते कुणालाही सांगायचे. पण त्यांचं खरं प्रेम वेगळ्याच गोष्टीवर होतं. "यात काही लपवत नाय बघा," ते म्हणायचे. "चालू होताना एकेक ओळ लिहून सांगतं. आता हे बघतोय, आता ते बघतोय, इथं दुखतंय. बाकीचे नुसतं गोल गोल फिरवत बसतात." मशीन सुरू होताना पडद्यावर ज्या ओळी धावतात त्या ते उभं राहून, मोठ्याने, एकही न गाळता वाचायचे. ओळी पळून जायला लागल्या की मोबाइलवर फोटो काढून सावकाश वाचायचे. चूक आली तरी त्याच सुरात. मी त्या ओळी नजरेनेच उडवते. कामाची एक असते, बाकी भरताड.

आणि त्यांचा दुसरा नियम. एका दिवशी एकच बदल.

हा नियम ऐकून मी कपाळावर हात मारला होता. कारण मूळ तत्त्व बरोबरच आहे. बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी, नाहीतर कशाने बरं झालं ते कळत नाही. आम्हीही नव्या मुलांना तेच शिकवतो. पण आम्ही एक बदल करून दोन मिनिटांत दुसरा करतो. चाचा एक बदल करायचे, मशीन सुरू करायचे, सगळ्या ओळी वाचायचे, आणि उरलेली संध्याकाळ त्यावर विचार करायचे. चहा घेऊन. माझ्या बापाबरोबर.

पहिल्या दिवशी पेन ड्राइव्ह एका खाचेतून काढून दुसऱ्या खाचेत लावला. दुसऱ्या दिवशी मेमरीची एक पट्टी काढून पुसून परत लावली. पडदा काळाच राहत होता. ग्राफिक्स कार्ड जुनं होतं, सुरू होतानाच्या आदेशात एक शब्द वाढवायचा होता, एवढंच. मी बूट काढता काढता दारातूनच तो शब्द सांगितला.

चाचा म्हणाले, "वा, बेटा. लिहून ठेवतो. आजचा बदल झालाय, उद्या करू."

"चाचा, दहा सेकंदांचं काम आहे."

"हो, मग उद्या पण दहाच सेकंद लागतील."

आणि बाबा हसले. मोठ्याने नाही, नाकातून. पण हसले. आई गेल्यापासून मी ते ऐकलं नव्हतं, आणि बाबा मला हसले की चाचांबरोबर हसले हे ठरवत मी बराच वेळ बेसिनशी हात धूत उभी राहिले.

बाबांना तो नियम मनापासून पटला होता. ड्राफ्ट्समनचंही तसंच असतं. ड्रॉइंगमध्ये एक बदल केला की त्याला नवा रिव्हिजन नंबर द्यायचा, बदललेल्या जागेभोवती ढगासारखी रेघ काढायची, मगच पुढचा. घाईने चार बदल एकाच रिव्हिजनमध्ये घुसवणाऱ्याला बाबा कारागीर मानायचे नाहीत. हे मला कसं कळलं? बाबा चाचांना सांगत होते तेव्हा, स्वयंपाकघरात भाजी चिरताना. इतकी वर्षं त्या माणसाच्या घरात राहून मला तो ढग माहीत नव्हता. चाचांना तो दोन आठवड्यांत मिळाला.

दोघं एकमेकांना बढती देऊन बोलायचे. बाबा त्यांना कॅप्टनसाहेब म्हणायचे, ते बाबांना इंजिनियरसाहेब.

"कॅप्टन नव्हतो, रेडिओवाला होतो."

"मी तरी कुठे इंजिनियर, ड्राफ्ट्समन होतो."

हे रोज व्हायचं, आणि रोज दोघांना तितकीच मजा यायची.

सोसायटीतही सगळ्यांना चाचांचंच कौतुक. कुणाचा प्रिंटर अडला तर मी तो पाच मिनिटांत चालू करायची, आणि लोक "थँक्यू हं" म्हणून दार लावून घ्यायचे. चाचा तोच प्रिंटर चार दिवस उघडून बसायचे, शेवटी म्हणायचे, "नाय समजलं मला," आणि लोक त्यांना जेवायला थांबवून घ्यायचे. चाचा हरले तरी लाडके. त्यांच्या न जमण्याला माझ्या जमण्यापेक्षा जास्त मान होता, आणि तो मला रोज सलायचा.

पण ते सगळं मी गिळलं असतं. एका संध्याकाळी मी लवकर घरी आले. लॅच फिरवली आणि आतून बाबांचा आवाज आला. एकटा, सलग, मध्ये कुणाचाही हुंकार नसलेला. मी दारातच थांबले. घड्याळात सव्वा सात होऊन गेले होते. म्हणजे चाचांची तीन मिनिटं चालू होती. चाचा गप्प, आणि बाबा बोलत होते. मला फक्त शेवट ऐकू आला. "आणि मी तिथेच, जिन्यावर बसून राहिलो. वर गेलोच नाही." मग माझ्या हातातली किल्ल्यांची जुडी वाजली. बाबा थांबले. मला बघून म्हणाले, "आलीस? ठीक."

कुठला जिना? हॉस्पिटलचा? पावण्याच्या ऑफिसचा? आमच्या जुन्या, घणसोली गावातल्या भाड्याच्या खोलीचा, जिथे माझा जन्म झाला? वर कोण होतं? का गेले नाहीत? मी बाबांना सरळ विचारलं. "काही नाही गं," ते म्हणाले. पुन्हा दोनदा विचारलं, तर उठून गॅलरीत गेले. त्या दिवसापासून मला चाचांचा खरोखर मत्सर वाटायला लागला. मौज नाही, चिडचिड नाही, साधा मत्सर. माझ्या बापाच्या आयुष्यातला एक जिना खालच्या मजल्यावरच्या रेडिओवाल्याला माहीत होता आणि मला नव्हता. आणि तो मिळवण्यासाठी त्या माणसाने केलं काय होतं? काही नाही. गप्प बसला होता.

मशीन तोवर बरंच पुढे गेलं होतं. पडदा उजळला होता, डिस्क सापडली होती. आता गाडी एकाच ठिकाणी अडायची. सिस्टीम इंटरनेटवरून आपले भाग उतरवायला लागायची आणि नकार द्यायची. कारण असं द्यायची की या फायली अजून वैध नाहीत. चाचा ती ओळ खणखणीत वाचायचे आणि दोघं तिच्यावर विचार करायचे. एकदा केबल बदलून झाली. एकदा पेन ड्राइव्ह. एकदा तर चाचांनी "अजून" या शब्दावर संध्याकाळ काढली.

एका रविवारी सकाळी दोघं मासळी आणायला गेले, आणि मी चादर काढून मशीनसमोर बसले. मला फार वेळ लागला नाही. मशीनच्या घड्याळात साल वीस वर्षांपूर्वीचं होतं. त्याच्या मते मी अजून कॉलेजात होते. आत घड्याळासाठी एक बटणाएवढा सेल असतो, तो मेलेला. बाबा रोज भिंतीवरचं बटण बंद करायचे, की मशीन जन्मसालात परत. आणि ज्या फायलींवर पुढच्या काळातली सही आहे त्या त्याने कशा स्वीकारायच्या?

चाचांना हे दिसलं कसं नाही, ते मला नंतर कळलं. दिसलं होतं, अर्धं. ते रोज सुरू करताना आधी घड्याळच लावायचे. तास आणि मिनिटं, ग्रीनिचप्रमाणे. लिनक्स आतलं घड्याळ ग्रीनिचवरच ठेवतं याचा त्यांना कोण आनंद. पण साल त्याच्या वरच्या ओळीत असतं, आणि तिकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. जन्मभर सव्वा कधी आणि पाऊण कधी एवढंच पाहिलेला माणूस तो.

मी स्टेशनजवळच्या घड्याळवाल्याकडून सेल आणला, बसवला, आणि दोघं परत येईपर्यंत सिस्टीम चढवून, बाबांचं जुनं ड्रॉइंग पडद्यावर उघडून ठेवलं. खरं सांगते, मी दाराकडे तोंड करून बसले होते.

चाचांनी पिशवी खाली ठेवली. सगळं ऐकून घेतलं आणि खदखदून हसले. "साल. साल बघायचं राहिलंच की. रेडिओरूममध्ये साल कोण विचारतो?" माझ्या डोक्यावर हात ठेवला. "इंजिनियरसाहेब, तुमची पोरगी उस्ताद आहे." मग खाली जाऊन आपली चूक अख्ख्या सोसायटीला स्वतःच सांगत फिरले. चूक त्यांची, शोधली मी, आणि आठवडाभर कौतुक कशाचं, तर त्यांच्या दिलखुलासपणाचं.

बाबांनी पडद्याकडे पाहिलं. "झालं?" ते म्हणाले. हा चौथा शब्द होता. मी अशा चौथ्याची वाट बघत नव्हते.

दुसऱ्या दिवसापासून चाचा यायचे बंद झाले. भांडण नाही, काही नाही. कामाशिवाय कुणाच्या घरी जाऊन बसायचं, हे दोघांच्याही स्वभावात नव्हतं. काम संपलं होतं. बाबा संध्याकाळी मशीनसमोर बसायचे, एक ड्रॉइंग उघडायचे, बंद करायचे. मी लवकर घरी यायला लागले. खुर्ची ओढून शेजारी बसायची, विचारायची, "ही लाइन कसली बाबा? हा व्हॉल्व्ह का इथे?" बाबा म्हणायचे, "असतो तिथे." चाचांच्या रिकाम्या खुर्चीत बसूनही मी काही चाचा झाले नाही.

मग एक दिवस बाबा म्हणाले, "परत बिघडलंय."

मी मशीन लावलं. काळ्या पडद्यावर घड्याळाची तक्रार, साल पुन्हा वीस वर्षांपूर्वीचं. नवा कोरा सेल असा कसा जाईल? बाजूचं झाकण काढलं. सेल मेला नव्हता. सेल नव्हताच. जागा रिकामी.

बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते, नको इतकं लक्ष देऊन. झाकण लावायला बारीक पेचकस हवा म्हणून मी त्यांचा खण उघडला. त्यांची जुनी कंपासपेटी होती, तिच्यात पेचकस असतो. डिव्हायडरच्या शेजारी, ट्रेसिंग पेपरच्या तुकड्यात नीट घडी घालून, सेल ठेवलेला.

मी पेटी होती तशी बंद केली. काय वाटलं ते सांगते. दया वगैरे नंतर. आधी वाटलं, माझ्यासाठी या माणसाने कधी काही बिघडवलं नाही. मी रोज घरात, आणि माझ्याशी बोलायला निमित्त हवं म्हणून त्याने साधा बल्बसुद्धा ढिला केला नाही.

संध्याकाळी चाचा आले. मी मुद्दाम समोर बसले. चाचांनी झाकण काढलं, टॉर्च लावला, आणि त्याचा उजेड त्या रिकाम्या जागेवर बराच वेळ थांबला. मी त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी बाबांकडे पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. टॉर्च बंद केला, खिशातून रुमाल काढला.

"आज," चाचा म्हणाले, "फक्त प्लग पुसू."

"बरोबर," बाबा म्हणाले. "प्लगपासूनच सुरुवात करायला पाहिजे."

म्हणजे तिघांनाही माहीत होतं आणि तिघंही गप्प होतो. त्या दोघांच्या गप्प बसण्यात मजा होती. माझ्यात फक्त दात आवळलेले होते. मी चहा टाकायला उठले, कारण चहा तरी मीच करणार होते.

असं उन्हाळा संपेपर्यंत चाललं. प्लग, मग केबल, मग पंख्यावरची धूळ, एकेका संध्याकाळी एकेक. चाची कधी खालून सांदणं पाठवायच्या. मी ऑफिसमधून येऊन आतल्या खोलीत बसायची. सव्वाला आणि पाऊणला बाबांचा आवाज भिंतीपलीकडून यायचा, शब्द कळायचे नाहीत. कान लावून ऐकलं का? ऐकलं. काही कळलं नाही. आमच्या भिंती जुन्या आणि जाड आहेत.

चाचींचे गुडघे गेले आणि लिफ्ट महिन्यातून दहा वेळा बंद, म्हणून त्यांनी गावी जायचं ठरवलं. मी सामान बांधायला मदत करते म्हणून खाली गेले. चाचा जुना रेडिओ वर्तमानपत्रात गुंडाळत होते. मी आडपडदा ठेवला नाही.

"चाचा, बाबा तुमच्याशी काय बोलायचे?"

"खूप काय काय."

"तो जिना कुठला?"

त्यांनी गुंडाळणं थांबवलं. मला वाटलं पाऊण वाजला. पण तसं नव्हतं.

"बेटा, त्या तीन मिनिटांत जे ऐकू येतं ना, ते पुढे सांगायचं फक्त एकाच वेळी. कोण बुडत असेल तर. तेव्हा सगळ्या दुनियेला ओरडून सांगायचं. तुझे बाबा बुडत नव्हते."

"आणि मी?"

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "तू बोलतेस खूप," ते म्हणाले. वाईट पद्धतीने नाही. पण म्हणाले. मला राग आला, आणि तो राग घेऊनच मी त्यांचे आठ खोके दोरीने घट्ट बांधून दिले.

जायच्या आदल्या संध्याकाळी ते वर आले. "आज शेवटचा बदल," म्हणाले, आणि एका बोटाने एक ओळ मशीनमध्ये लिहिली. दर सव्वाला आणि दर पाऊणला मशीनने पोटातून एक बारीक शिट्टी द्यायची, एवढंच त्या ओळीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो गेला. मी ऑफिसमधून आले तेव्हा मशीन चालू होतं. तारीख बरोबर. साल बरोबर. कंपासपेटी उघडून बघायची मला गरज वाटली नाही.

बाबा मशीनसमोर होते. मी चाचांच्या खुर्चीत बसले आणि सांगायला लागले, आज ऑफिसमध्ये काय झालं, एक मॅनेजर स्वतःचाच पासवर्ड कसा विसरला, आणि मी एका मिनिटात कसा

टूं.

सव्वा सात. मी थांबले. थांबायचं ठरवलं होतं असं नाही, त्या आवाजाने वाक्यच तुटलं. हात कुठे ठेवावे कळेना, म्हणून मांडीवर ठेवले. बाबा पडद्याकडे बघत होते. खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं. इतका वेळ मी बापाशेजारी न बोलता कधी बसले असेन, मला आठवेना.

"कॅप्टनसाहेबांना," बाबा पडद्याकडेच बघत म्हणाले, "त्या जिन्याचं अर्धंच सांगून झालं होतं."

त्या घडीलाही नाव त्यांचंच. कुठला जिना, हे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले, दातांवर आपटले. घड्याळात अजून दीड मिनिट बाकी होतं. मी तोंड मिटून बसून राहिले.